नदीची ओटी

"नक्की इथेच?" बसच्या ड्रायव्हरने आरशातून विचारलं.

मी हो म्हटलं. त्याने बस थांबवली, दार उघडलं आणि परत तेच विचारलं. खाली नुसता फाटा होता. डांबरी रस्त्याला फुटलेली पांढऱ्या वाळूची गाडीवाट, एक गंजलेलं फाटक आणि बंदुकीच्या छऱ्यांनी भोकं पडलेली पाटी. परतीची बस दुपारी इथूनच जाईल, ती चुकली तर सोमवारपर्यंत दुसरी नाही, असं त्याने बजावलं आणि माझ्या पायांकडे पाहिलं. मी पँटचे पाय मोज्यांत खोचले होते. सापांसाठी. लायब्ररीतल्या पुस्तकात तसं लिहिलं होतं.

बस गेली, धूळ खाली बसली आणि मी आजूबाजूला बघून घेतलं. माझी ती सवयच आहे. नव्या जागी गेले की आधी दार कुठे, खिडकी कुठे, पाणी कुठे ते बघायचं. इथे बघण्यासारखं दार नव्हतं. दोन्ही अंगांना माझ्या खांद्याएवढं झुडूप, वर कोरडं निळं आभाळ, आणि खूप दूरवरून एकसारखा येणारा आवाज. तो समुद्राचा असावा असं मी धरून चालले.

सॅकमध्ये पाण्याच्या बाटल्या होत्या, तिखटमिठाच्या पुऱ्या होत्या आणि तळाशी कापडी पिशवीत ओटीचं सामान. तांदूळ, हळकुंड, सुपारी, हळदकुंकवाची डबी. नारळ सुपरमार्केटमधला. त्याला शेंडी नव्हती. उलट मधोमध यंत्राने चर पाडला होता, गिऱ्हाइकाला फोडायला सोपं जावं म्हणून. असला बोडका नारळ चालतो का, हे विचारायला त्या गावात मला कुणी नव्हतं. खण मात्र खरा होता, हिरवा, जरीकाठी. मी कराडहून निघाले तेव्हा सासूबाईंनी माझी ओटी भरली होती, त्यातलाच.

ऑस्ट्रेलियाच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या त्या लहानशा गावात आम्हाला येऊन सहा महिने झाले होते. आम्हाला म्हणजे मला आणि विश्वजितला. जुई कराडलाच होती, सासूसासऱ्यांजवळ. निघालो तेव्हा तिला नुकतंच वर्ष झालं होतं. आपण पुढे जाऊ, महिन्याभरात घर लावू, मग आई, म्हणजे सासूबाई, तिला घेऊन येतील, असं ठरलं होतं. व्हिसा तिघांचाही एकदमच आला होता. जुईच्या व्हिसावर एक तारीख होती. मार्च संपायच्या आत तिने या देशात पाऊल ठेवायला हवं होतं, नाहीतर सगळं पहिल्यापासून.

महिना झाला तेव्हा विश्वजित म्हणाला, आई म्हणते पितृपक्षात नको. मग जुईला दाढा येत होत्या. मग आईंचा गुडघा. मग त्यांचं म्हणणं पडलं की बोरन्हाण इथेच होऊ दे, तिथे कुठली बोरं आणि कुठली लुटणारी मुलं. तेही झालं. काळं झबलं आणि हलव्याचे दागिने घालून जुई आजीच्या मांडीवर बसली होती आणि तिच्या डोक्यावरून ओघळणारी बोरं मी लॅपटॉपवर पाहिली. दर रविवारी विश्वजित लॅपटॉप लावायचा. पलीकडे सासरे, सासूबाई, मध्ये जुई. अलीकडे आम्ही दोघं. इकडचं तिकडचं बोलणं व्हायचं. पाठवण्याचा विषय मात्र मी काढायचा नाही, असं त्याने मला सांगून ठेवलं होतं. "आईशी मी बोलतो. तू काही म्हणालीस की तिला लागतं. तिचं वय झालंय." मी गप्प बसायचे. आमच्यात सुनेने सासूला तोंडावर विचारायची पद्धत नव्हती, आणि मी केमिस्ट्रीत एम.एस्सी. झाले होते तरी ती पद्धत माझ्यातून गेली नव्हती.

स्क्रीनवर सासूबाई माझ्याशी दिवसेंदिवस तुटक होत चालल्या होत्या. तेही मी बघत होते. मनात म्हणायचे, माझी पोर दाबून ठेवलीय आणि वर माझ्यावरच राग.

आणि संक्रांत झाल्यावर ही ओटी आली. विश्वजित शर्टाला इस्त्री करत होता. "आई म्हणते, नातीला समुद्रापार पाठवायची तर आधी तिथल्या पाण्याची ओटी भरायला हवी. नदी समुद्राला मिळते त्या जागी. तिच्या आईने."

"मी?"

"तूच तिची आई आहेस ना?" तो इस्त्रीकडे बघत म्हणाला.

गावातली नदी खाडीतून बंदरात जायची. ती चालणार नव्हती, उघड्या समुद्रालाच मिळणारी हवी होती. तशी एकच होती. नकाशात बारीक निळी रेघ, मुखापाशी ना वस्ती, ना रस्ता. तिथे मोठी गाडी लागते, तो म्हणाला, पावसाळा उलटला की ऑफिसातल्या कुणाची तरी मागू. तिथला पावसाळा जून-जुलैत. मी तारखेची आठवण करून दिली. मुदत वाढवून मिळते, असं म्हणून त्याने शर्टाची बाही उलटी केली.

मला आईंचा संताप आला होता. पण खरं सांगायचं तर थोडं बरंही वाटलं होतं. पोरीच्या दाढा आणि म्हातारीचा गुडघा माझ्या हातात नव्हते. ही पहिली गोष्ट होती, जी चालत जाऊन करता येण्यासारखी होती.

म्हणून त्या फेब्रुवारीतल्या शनिवारी तो कामावर गेल्यावर मी निघाले. लायब्ररीत जाते, एवढंच सांगितलं होतं. ओटी भरायची, फोटो काढायचा आणि तो परस्पर आईंना पाठवायचा. मग कुणाला काही बोलायला जागाच उरली नसती.

वाळूत चालणं म्हणजे काय ते मला ठाऊक नव्हतं. पाय टाकला की अर्धा मागेच राहायचा. गोमाशीएवढ्या माश्या पँटवरूनही चावत होत्या. एकदा वाटेत काळी काठी आडवी दिसली आणि मी कितीतरी वेळ उभी राहिले, ती हलते का ते बघत. काठीच होती. तिला वळसा घालून पुढे गेले. मला इथे काही झालं तर कुणाला कधी कळेल, हा हिशेब डोक्यात सतत चालू होता. विश्वजित लायब्ररीत शोधेल. जुईला कुणी सांगणार नाही. तिला सांगूनही काय कळणार. माझं दूध कधीच आटलं होतं, तरी दूर कुठे पक्षी पोरासारखा ओरडला की छातीत कळ यायची.

झुडूप संपून झाडं लागली, कागदाच्या थरांसारखी साल असलेली. त्यांच्या बुंध्यांतून नदी दिसली. पाणी कोऱ्या चहासारखं, स्वच्छ पण तांबूसकाळं. रुंद पात्र, आणि जराही हालचाल नाही. काळे हंस होते. मी बुंधे धरत काठाकाठाने समुद्राच्या आवाजाच्या दिशेने गेले.

शेवटी वाळूचा मोठा उघडा पट्टा आला. तिथे एक म्हातारा घडीच्या खुर्चीत गळ टाकून बसला होता, शेजारी त्याची उंच चाकांची गाडी. एकटा पुरुष, आसपास दुसरं कुणी नाही. मी लांबच थांबले. त्याने हात वर केला. मी तिथूनच ओरडून विचारलं, नदी समुद्राला मिळते ती जागा कुठे.

"तू उभी आहेस तीच," तो म्हणाला. "पण सध्या बंद आहे."

मला वाटलं, बंद म्हणजे कुणाची परवानगी लागत असेल. त्याने गळ धरलेल्या हातानेच दाखवलं. इथल्या उन्हाळ्यात, म्हणजे याच महिन्यांत, नदीचा जोर सरतो, लाटा वाळू आणून टाकत राहतात आणि मुखच बुजून जातं. थंडीतला पाऊस आला, नदी फुगली, की आपोआप फुटतं. कधीकधी दोन-दोन वर्षंही फुटत नाही. मी तेवढ्यासाठी चालत आले का, असं त्याने विचारलं. मी हो म्हटलं. तो पुन्हा गळाकडे वळला.

मी वाळूच्या बांधावर चढले. एका अंगाला समुद्र आपटत होता, दुसऱ्या अंगाला नदी गप्प पडली होती. मध्ये आमच्या कराडच्या अंगणाएवढी वाळू.

आता काय करायचं? आईंच्या अटीत हे नव्हतं. मिळते त्या जागी, एवढंच होतं. परत जाऊन पावसाची वाट बघायची, तर मार्च गेला. मी ठरवलं, फोटोत बांध दिसणार नाही असा कोन धरायचा. बूट काढले, गुडघाभर नदीत उतरले, खण पसरला, त्यावर तांदूळ, हळकुंड, सुपारी आणि तो बोडका नारळ ठेवला. हळदकुंकू वाहिलं. काय म्हणायचं ते माहीत नव्हतं, म्हणून म्हटलं, माझी मुलगी मला दे. खण भिजून खाली गेला. नारळ तरंगला, पण जाईना. पाणीच वाहत नव्हतं, तो जाणार कुठे. मी ढकलला. वाऱ्याने तो फिरून माझ्या पायाशी आला. पुन्हा ढकलला आणि तेवढ्यात घाईने फोटो काढला.

फोनला रेंज नव्हती. वाळूच्या उंच टेकडीवर चढले तेव्हा एक रेघ उमटली. फोटो पाठवला. खाली लिहिलं, 'आई, ओटी भरली.' खूप वेळ गोल फिरत राहिलं, मग गेला. मी पुरीचा पहिला घास घेते आहे तोवर फोन वाजला. नंबर सासऱ्यांचा, आवाज आईंचा.

"ऋजुता, पाण्यात आहेस का तू?"

"नाही आई. वर आहे, टेकडीवर."

"विशू आहे बरोबर?"

"नाही. एकटीच आलेय."

"आधी त्या पाण्यापासून लांब हो बघू."

त्यांचा आवाज कापत होता. मला वाटलं फोनमुळे. "लांबच आहे. झाली ओटी भरून. फोटो पाहिलात ना?"

"अगं पण कशाला? कुणी सांगितलं तुला हे असलं?"

"तुम्हीच ना."

"मी?"

वारा एवढा होता की मी फोन दोन्ही हातांनी झाकून धरला. त्या सांगू लागल्या. आपल्या घरात पाण्याची ओटी भरत नाहीत. त्यांच्या थोरल्या जाऊबाई नवी सून असताना कृष्णेची ओटी भरायला उतरल्या, पाय घसरला आणि वर आल्याच नाहीत. तेव्हापासून या घरातली बाई नदीला कुंकू वाहते तेही वरच्या पायरीवरून. विश्वजित तेव्हा जन्मलाही नव्हता. पुरुषांपुढे ते कुणी काढत नाही.

मी त्यांना पाहिलं होतं. लग्नानंतर प्रीतिसंगमावर गेलो तेव्हा सगळ्या बायका खाली उतरल्या होत्या आणि आई वरूनच चिमूटभर कुंकू टाकून मागे फिरल्या होत्या. पाहिलं होतं, पण विचारलं नव्हतं.

"मग जुईला पाठवायच्या आधी ओटी भरायची, हे..."

"पाठवायची?" त्या म्हणाल्या. आणि मग, खालच्या आवाजात, "तुला हवीय का ती?"

मी फोन दुसऱ्या कानाला लावला. त्याच बोलत राहिल्या.

"विशू म्हणाला, तिला एवढ्यात जमणार नाही. परीक्षा द्यायच्यात, नोकरी बघायचीय. दोन वर्षं तरी तुमच्याकडेच राहू दे. आणि तिच्यापाशी विषय काढू नका, ती रडते. मी नाही काढला, बाई. दिवाळीपासून पोरीची बॅग भरून ठेवलीय मी. उगीच. एकेक झबलं तोकडं झालं की काढते नि दुसरं ठेवते. आणि मनात म्हणते, कसली ही आई."

मी मनात काय म्हणत होते ते त्यांना सांगितलं नाही.

"तुमचा गुडघा?" मी विचारलं.

"माझ्या गुडघ्याला काय झालंय?"

एवढ्यात पलीकडून, घरातून कुठूनतरी, बारीक आवाजात हाक आली. "आई."

"ओ," मी म्हटलं.

"ओ, आले," त्या म्हणाल्या.

आमच्या घरात सासरे, दीर, कामाला येणारी बाई, सगळेच त्यांना आई म्हणत. पोर जे ऐकेल ते शिकते. फोनमध्ये तिकडच्या पंख्याचा आवाज येत होता. मग त्यांचा सूर एकदम बदलला, दार लावून घेतल्यासारखा.

"विशू असं करायचा नाही. तुझ्याच ऐकण्यात काहीतरी चुकलं असेल."

आणि फोन बंद झाला.

मी खाली आले. नारळ काठाशीच होता, ओल्या वाळूत अर्धा रुतलेला. मी तो उचलला, पदर नव्हता म्हणून शर्टाला पुसला आणि सॅकमध्ये टाकला. ओटीच नव्हती ती. मग तो नुसता नारळ होता.

म्हाताऱ्याने फाट्यापर्यंत सोडतो म्हटलं. एरवी मी चढले नसते. त्या दिवशी चढले. वाटेत तो माशांबद्दल बोलत होता आणि मी गाडीच्या दाराच्या खिट्टीवर हात ठेवून ऐकत होते. फाट्यावर उतरून बसची वाट बघत असताना रेंज आली आणि पुन्हा फोन वाजला.

"तिकीट काढ," आई म्हणाल्या. "मी घेऊन येते तिला. आणि मी काही सांगितलं असं त्याला म्हणू नकोस. माझा मुलगा आहे तो."

"हो," मी म्हटलं.

"जेवलीस का?"

"हो."

त्या संध्याकाळी विश्वजित आला तेव्हा भात झाला होता, आमटी झाली होती आणि ओल्या नारळाची चटणी. चर पाडलेला नारळ खरंच सोपा जातो फोडायला. तो हात धुऊन बसला, माझ्या चेहऱ्याकडे बघून म्हणाला, बरंच ऊन लागलेलं दिसतंय. लायब्ररीतून चालत आलीस का? मी वाढत होते.

"चटणी मस्त झालीय," तो म्हणाला. "नारळ कुठला?"

"नदीच्या मुखावरचा."

त्याचा हात ताटातच थांबला. मी सांगितलं, सकाळच्या बसने गेले, ओटी भरली, आईंना फोटो पाठवला. त्यांचा फोन आला होता.

"काय म्हणाली?"

"तिकीट काढ म्हणाल्या."

तो भात कालवत राहिला. मी वाट बघत होते. रडेल, ओरडेल, निदान खोटं तरी नीट बोलेल. शेवटी म्हणाला, "जरा बस्तान बसू दे, एवढंच होतं गं. ती आली असती तर तू तिच्यातच गुंतली असतीस. आपलं इथलं काही सुरूच झालं नसतं."

"आणि ओटी?"

"मला वाटलं नव्हतं तू एवढ्या लांब जाशील," तो म्हणाला.

मी त्याला आणखी चटणी वाढली. त्याने ती खाल्ली.

जुई मार्चमध्ये आली. विमानतळावर आजीच्या कडेवर होती. मी हात पुढे केले तेव्हा तिने तोंड फिरवून त्यांच्या मानेत खुपसलं. आई तीन महिने राहिल्या. मुलासाठी रोज वेगळं काहीतरी रांधत होत्या, आणि आम्ही दोघी पुन्हा कधी त्या फोनबद्दल बोललो नाही. त्या परत गेल्या तेव्हा जुई कितीतरी दिवस दारापाशी बसून आई आई म्हणून रडायची. मी तिच्या शेजारी बसून राहायचे.

याला आता दहा-अकरा वर्षं झाली. आमच्याकडे उंच चाकांची गाडी आहे. दर उन्हाळ्यात विश्वजित तिकडे जायचा बेत आखतो, पाहुण्यांनाही नेतो. जागा अजून फारशी कुणाला माहीत नाही. वाळूवर शेगडी मांडून मासे भाजताना तो हटकून सांगतो, ही जागा आमच्या ऋजुताने शोधली, नवीन होतो तेव्हा, एकटी चालत आली होती पठ्ठी. लोक कौतुक करतात. मी हसते.

परवा जुईने विचारलं. ती पाण्यात पाय सोडून बसली होती. मुख या वर्षीही बंदच आहे.

"मम्मा, एवढ्या लांब तू एकटी का आली होतीस?"

विश्वजित मासे उलटत होता. त्याने मान वर केली नाही.

"बाबांनी सांगितलं होतं," मी म्हटलं.

"बाबा, तुम्ही का नाही आलात हिच्याबरोबर?"

"मासा करपतोय," तो म्हणाला. "ताटल्या आण बघू."

ती ताटल्या आणायला गेली.